फुकटच्या हेल्पलाइनला पैसे कुठून आणायचे: एका खजिनदाराचा हिशोब

"आपण तर सगळं फुकट करतो ना, मग पैसे कशाला लागतात?" हा प्रश्न आमच्या वार्षिक सभेत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि गंमत म्हणजे विचारणारा बहुतेक वेळा आपलाच जुना स्वयंसेवक असतो, जो स्वतः पदरचे पैसे टाकून डोंबिवलीहून परळला येतो आणि घरी जाताना पंख्याचं बटण बंद करायला विसरतो. मी आधी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार होतो, आता काही वर्षं एका छोट्या फोन-लाइनचा आहे. मन मोकळं करायला लोक फोन करतात, ट्रेनिंग घेतलेली साधी माणसं ऐकतात, सल्ला देत नाहीत, नाव विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत. एवढंच काम. पण हे एवढंच काम बारा महिने चालू ठेवायचं तर काय काय लागतं ते लिहून काढतोय, कारण अशी लाइन काढू म्हणणारे खूप भेटतात आणि दीड-दोन वर्षांत थकून बंद करणारेही.

ह्या सगळ्याची सुरुवात लंडनला झाली, १९५३ साली. चॅड वारा नावाच्या पाद्रीबुवांनी चर्चमध्ये एक फोन ठेवला आणि जीव नकोसा झालेल्यांनी मला फोन करा म्हणून सांगितलं. माणसं एवढी यायला लागली की थांबलेल्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही साधी मंडळी मदतीला आली, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की बऱ्याच जणांचं त्या चहावाल्यांशी बोलूनच भागतंय, आत पाद्रीबुवांकडे जायची गरजच पडत नाही. समॅरिटन्स संस्था तिथून उभी राहिली. ही गोष्ट सगळे ट्रेनिंगमध्ये सांगतात. मी खजिनदार असल्यामुळे मला त्यात दुसरंच दिसतं: जागा चर्चची होती, फोनही चर्चचाच होता. म्हणजे ऐकणारे फुकट होते पण भाडं आणि बिल कुणीतरी भरतच होतं. मुंबईत तुम्हाला चर्च कोण देणार आहे?

तर पहिलं काम, वही घ्या आणि महिन्याचा खर्च लिहा. वर्षाचा नाही, महिन्याचा, कारण भाडं महिन्याला जातं. समजा तुमची लाइन रोज दुपारी ४ ते रात्री १०, दोन फोनवर. उदाहरणाला धरा: खोलीचं भाडं १८,०००, एक पगारी समन्वयक २८,०००, सुपरव्हिजन करणाऱ्या मानसोपचार तज्ज्ञांचं महिन्याला चार बैठकींचं मानधन १०,०००, फोन-इंटरनेट ४,०००, प्रवासखर्च आणि चहापाणी ६,०००, ट्रेनिंगचा वर्षाचा खर्च बाराने भागून ५,०००, ऑडिट आणि सीएची फी तशीच भागून ४,०००. झाले ७५,०००. वर्षाचे ९ लाख. तुमचे आकडे वेगळे येतील, उपनगरात भाडं कमी असेल, कुणी वाचनालयाची मागची खोली दिली तर अजून कमी (पण दाराला कडी आहे का आणि आवाज बाहेर जातो का ते आधी बघा, खालच्या मजल्यावर कॅरम चालू असेल तर ती जागा फुकट मिळूनही परवडत नाही). मुद्दा असा की ७५,००० हा एकच आकडा कमिटीतल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. आमच्याकडे आधी कुणाला विचारलं तर "असेल पन्नासेक हजार" असं उत्तर यायचं, आणि माणसं देणगी मागायलाही त्याच अंदाजाने जायची.

ह्या यादीतल्या दोन गोष्टींना कात्री लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, समन्वयक आणि सुपरव्हिजन. लावू नका. स्वयंसेवकांचं गणित करून बघा ना, तीन-तीन तासांच्या दोन पाळ्या, प्रत्येक पाळीला दोन माणसं, म्हणजे दिवसाला चार, आठवड्याला अठ्ठावीस जागा भरायच्या. एक माणूस आठवड्यातून एकदा आला तरी अठ्ठावीस जण लागतात, आणि परीक्षा, बाळंतपणं, गावची जत्रा, पावसात बंद पडलेली लोकल हे सगळं धरलं तर चाळीस जणांची यादी हवी. चाळीस माणसांचं वेळापत्रक फावल्या वेळात कोण सांभाळणार? आधी कुणीतरी उत्साही ताई सांभाळते आणि वर्षभराने तीच सगळ्यात आधी सोडून जाते. सुपरव्हिजनचं तर विचारूच नका. रात्री साडेनऊला एखादा जड कॉल घेतलेला पोरगा दहानंतरची ट्रेन पकडून घरी जातो, त्याला ते ओझं कुठेतरी उतरवायला जागा पाहिजे. ती नसेल तर तो तीन महिन्यांत थांबतो, आणि मग नवीन बॅच, नवीन ट्रेनिंग, परत खर्च. म्हणजे दहा हजार वाचवायला जाऊन त्याहून जास्त जातात, आणि माणसाचं जे नुकसान होतं ते वेगळंच.

प्रवासखर्च द्याच. घ्यायला कुणी तयार नसतं, "काय राव, सत्तर रुपयांसाठी" म्हणतात, पण ज्याला खरंच गरज असते तो मागत नाही, गुपचूप यायचा बंद होतो. म्हणून आम्ही सगळ्यांचाच देतो, नको असेल त्याने परत पेटीत टाकावा.

फोनचं एक सांगतो. सगळ्यांना १८०० वाला टोल-फ्री नंबर हवा असतो, दिसायला भारी दिसतं. पण टोल-फ्री म्हणजे फोन करणाऱ्याला फुकट, त्याचे मिनिटाचे पैसे तुम्ही भरता. आपल्याकडचे कॉल काही दोन मिनिटांचे नसतात, चाळीस-पन्नास मिनिटं सहज जातात. जेवढं काम वाढेल तेवढं बिल वाढणार आणि चांगलं काम केल्याची शिक्षा झाल्यासारखं वाटणार. आज बहुतेकांच्या मोबाइलवर अनलिमिटेड पॅक असतो, साधा नंबर घ्या, आणि ज्याच्याकडे बॅलन्स नाही त्याने मिस्ड कॉल द्यावा, आपण उलटा फोन करावा. ठरलेल्या पॅकमध्ये बसतं. फक्त उलटा फोन करायच्या आधी "ह्या नंबरवर फोन केला तर चालेल का, घरात दुसरं कुणी उचलेल का" हे विचारायची काहीतरी सोय ठेवा, नाहीतर भलतंच व्हायचं.

आता कागद. कंटाळवाणं आहे पण ह्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. महाराष्ट्रात बहुतेक जण सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून नोंदणी करतात, दोन्हींपैकी काहीही केलं तरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे यावंच लागतं, मुंबईचं ऑफिस वरळीला. तिसरा रस्ता म्हणजे सेक्शन ८ कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी. नोंदणी व्हायच्या आधी डबा घेऊन फिरू नका, गणपती मंडळंसुद्धा दरवर्षी वर्गणीसाठी ह्याच कायद्याच्या कलम ४१सी ची परवानगी काढतात. नोंदणी झाली की शेड्यूल वनचा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली आपल्या संस्थेची नोंद) जपून ठेवा, बँक मागते, देणगीदार मागतात, सगळेच मागतात. आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट भरा. आम्ही एकदा "करू, करू" म्हणत ठेवला आणि नंतर एका देणगीदाराने कागदावरचे विश्वस्त आणि सही करणारे विश्वस्त वेगळे कसे असं विचारलं, चेक चार महिने अडकला. चूक आमचीच.

त्यानंतर इन्कम टॅक्सची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी मिळते ती नोंदणी) आणि ८०जी. (नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात कलमांचे नंबर आणि फॉर्मची नावं बदलतात, पण अजून सगळे ८०जी च म्हणतात, मीही तेच म्हणणार. सीएकडून चालू नंबर घ्या.) ८०जी असलं की देणाऱ्याला साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण दोन अटी लोकांना आधीच सांगा. एक, २,००० च्या वर रोख दिली तर वजावट नाही. दोन, ज्याने नवीन टॅक्स रेजीम घेतलीय त्याला ८०जी चा काहीच फायदा नाही, आणि आता न सांगता तीच लागू होते. म्हणजे "टॅक्स वाचेल" हे सांगून देणग्या मागायचे दिवस संपत आलेत, काम सांगूनच मागावं लागणार. दरवर्षी ३१ मे च्या आत देणग्यांची यादी डिपार्टमेंटकडे भरायची असते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये दंड, त्यामुळे पावती फाडतानाच नाव, पत्ता, पॅन नीट घ्या, एप्रिलमध्ये एकेकाला फोन करून पॅन मागण्यासारखी शिक्षा नाही.

निनावी पेटीचंही एक आहे. पेटीत कुणी दिलं ते माहीत नसतं, आणि अशा निनावी देणग्या वर्षाला १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, ह्यातलं जे जास्त त्याच्या वर गेल्या तर वरच्या रकमेवर ३० टक्के टॅक्स. छोट्या संस्थेला हा त्रास होत नाही, पण कार्यक्रमात पेटी फिरवताना लक्षात असू द्या.

आता मुख्य गोष्ट. महिन्याचे ७५,००० कुठून आणायचे? माझं मत अगदी पक्कं आहे आणि ते मंडळात बनलेलं आहे: रोजचा खर्च वर्गणीवर चालला पाहिजे. मोठ्या देणगीवर नाही, कंपनीवर नाही, एखाद्या दानशूर शेठवर तर अजिबात नाही. शेठ गेला की मंडप गेला. महिन्याला ३०० रुपये देणारी २५० माणसं, झाले ७५,०००. त्यातली दहा सोडून गेली तर ३,००० चा खड्डा पडतो, तो भरता येतो. एकच माणूस ७५,००० देत असेल आणि तो गेला तर तुम्ही पुढच्या महिन्यात जागामालकाला काय सांगणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घराघरातून मूठमूठ धान्य गोळा केलं, मुष्टिफंड, ते काय त्यांना मोठे देणगीदार मिळत नव्हते म्हणून फक्त नाही, मूठ देणारी बाई ते वसतिगृह आपलं समजते म्हणून.

अडीचशे माणसं ऐकायला खूप वाटतात. चाळीस स्वयंसेवकांनी प्रत्येकी चार ओळखीची माणसं आणली तर १६० झाली. उरलेली ९० जुने स्वयंसेवक, कमिटीवाल्यांचे ऑफिसमधले लोक, ट्रेनिंगला येऊन न टिकलेले (हे लोक फार चांगले देणगीदार होतात, त्यांना मनात खंत असते). स्वयंसेवकांकडून वर्गणी घ्यायची का ह्यावर आमच्याकडे मोठं भांडण झालं होतं. मी म्हणतो सक्ती करू नका, त्यांनी वेळ दिलाय. मागितलं तर माणूस आणायला मागा, पैसे नको.

गोळा करायला यूपीआय ऑटोपे लावा. १५,००० पर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन टाकावा लागत नाही, ३०० ला तर प्रश्नच नाही. तारीख ५ ते ७ ठेवा, पगार झालेला असतो आणि ईएमआय कापून घेऊन खातं अजून अगदी रिकामं झालेलं नसतं, महिनाअखेरीला लावलं तर हप्ते बाउन्स होतात आणि लोकांना वाटतं आपण देतोय. दर महिन्याला फेल झालेल्यांची यादी काढून दोन ओळींचा साधा व्हॉट्सॲप करा, "काकू, ह्या महिन्याचा हप्ता बँकेने परत केला, सवडीने बघता का". आमच्याकडे गळतीतली बरीच माणसं नाराज नव्हती, त्यांचं फक्त कार्ड किंवा बँक बदलली होती.

आणि हिशोब दाखवा. चाळीत विसर्जन झालं की आठवड्यात जमाखर्चाचा कागद जिन्याजवळच्या फळ्यावर लागायचा, नारळ किती, लाइटवाला किती, शिल्लक किती, आणि तो कागद वाचून भांडायला येणारे लोकच पुढच्या वर्षी सगळ्यात आधी वर्गणी द्यायचे. तसाच एक कागद दर तीन महिन्यांनी वर्गणीदारांना पाठवा. एक पान. फोटो नको, हसरे चेहरे नको.

त्या पानावर काय लिहायचं हा ह्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. देणगीदाराला गोष्ट हवी असते. "एखादी केस सांगा ना, नाव बदलून." नाही सांगायची. नाव बदललं तरी फोन करणारी आपली गोष्ट ओळखते, आणि तिने ती एकदा कुठे वाचली तर ती परत फोन करणार नाही. "किती जीव वाचवले?" हा दुसरा प्रश्न, त्याला खरं उत्तर असं की आम्ही मोजत नाही कारण ते मोजता येत नाही, फोन ठेवल्यावर तो माणूस कुठे गेला आम्हाला माहीत नसतं. जो आकडा सांगेल तो खोटा असेल. मग सांगायचं काय? लाइन किती तास उघडी होती, किती कॉल घेतले, किती सुटले (हे लपवू नका, सुटलेले कॉल हेच जास्त पैसे मागायचं सगळ्यात खरं कारण), सुपरव्हिजनच्या बैठका किती झाल्या, वर्षभरानंतर किती स्वयंसेवक टिकले. आणि एक सोपा आकडा: महिन्याला साधारण १८० तास लाइन उघडी, खर्च ७५,०००, म्हणजे एक तास उघडी ठेवायला ४१७ रुपये. लोकांना हे पटकन कळतं. एका बाईंनी नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला "एक दिवसाचे तास माझ्याकडून" म्हणून सहा तासांचे अडीच हजार दिले, तेव्हापासून आम्ही वाढदिवस-श्राद्ध दोन्हीला तेच सुचवतो.

आवाहनात आकडे वापरायचे तर सरकारी वापरा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरो) अहवालात २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यात महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. एकदा सांगा आणि थांबा. भीती घालून, रडवून पैसे मागू नका, ते पान फोन करायच्या विचारात असलेला माणूसही वाचत असतो.

फोन करणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हे तर ठरलेलंच, पण काही लोक स्वतःहून देऊ करतात, मनापासून. तरी लाइनवर नाहीच म्हणायचं. आज दिले की उद्या वाईट वाटत असताना "मी काही दिलं नाही, आता परत कसा करू" असं मनात येतं. शिवाय पावतीला नाव आणि पॅन लागतो, म्हणजे जे गुपित ठेवायचं वचन दिलं तेच कागदावर आलं. फार आग्रह झाला तर संस्थेचं देणगीचं पान सगळ्यांसाठी आहे एवढंच सांगायचं, आणि देणगीची यादी बघणारा माणूस पाळीला बसणारा नसावा.

मोठ्या रकमा वाईट नाहीत, त्यांचा उपयोग वेगळा. नवीन बॅचचं ट्रेनिंग, हेडफोन, कॉम्प्युटर, डिपॉझिट, म्हणजे एकदाच होणारा खर्च. आपल्या लोकांना सगळ्यात जमणारा प्रकार म्हणजे नाटकाचा चॅरिटी शो. शिवाजी मंदिर, यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, कुठेही, प्रयोग ठरलेल्या रकमेला विकत घ्यायचा, तिकिटं देणगीदराने विकायची, सोबत जाहिरातींची स्मरणिका. फक्त स्मरणिकेच्या जाहिराती प्रयोगाच्या आधी पक्क्या करा आणि पैसे आधी घ्या, नंतर "देतो की" म्हणणारे कॉन्ट्रॅक्टर सापडत नाहीत. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते, तिच्या चॅरिटीचं काम युनायटेड वे मुंबई बघते, त्यांच्याकडे संस्था नोंदवली की तुमच्यासाठी धावणारा माणूस त्याच्या ओळखीत देणग्या गोळा करू शकतो. २ ते ८ ऑक्टोबर दान उत्सव असतो, ऑफिसांमध्ये शिरायला बरा मुहूर्त.

सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशासाठी, घाई करू नका. १२एबी, ८०जी, सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, म्हणजे पहिली तीन वर्षं तो विषयच नाही. आम्हाला एकदा एका कंपनीने वर्षभराचा सगळा खर्च दिला, आम्ही खुशीत तास वाढवले, दुसरी खोली घेतली, आणि पुढच्या वर्षी त्यांचा प्राधान्यक्रम बदलून पाण्याच्या कामाकडे गेला. कुणी वाईट वागलं नाही, पण आम्हाला सहा महिने लागले परत जुन्या तासांवर यायला आणि त्यात सात स्वयंसेवक गेले. आता कंपनीकडून घेतो ते ट्रेनिंगपुरतं.

परदेशातल्या नातेवाइकांचं: न्यू जर्सीचा भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर चालतं, अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड असलं तरी ती परदेशी देणगी, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपया घ्यायचा नाही. म्हणून देणगीच्या पानावरच नागरिकत्व विचारा, भाच्याला राग आला तर येऊ दे.

शिल्लक. सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, आपल्या उदाहरणात साडेचार लाख. पण ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्च करायचा असतो, १५ टक्के काही न विचारता ठेवता येतात. म्हणजे १० लाख ५५ हजार जमवा, ९ लाख खर्च करा, १ लाख ५५ हजार ठेवा, तीन वर्षांत साठा तयार. त्याहून जास्त ठेवायचं तर कारण लिहून वेगळा फॉर्म भरावा लागतो.

आणि तरी कमी पडलं तर तास कमी करा, सुपरव्हिजन नाही. चार ते दहाचं पाच ते नऊ करा, तीन महिने आधी जाहीर करा, आणि लाइन बंद असताना वाजणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये सरकारच्या टेली-मानस ह्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सांगा, तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. फोन वाजून वाजून नुसता कट होतोय असं कधीही होऊ देऊ नका.

ऑटोपे वगैरे सगळं झालं तरी एक पावतीपुस्तक टेबलावर ठेवा. आमच्याकडे एक आजी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिना चढून येतात आणि तीनशे रुपये रोख देतात. मी त्यांना दोनदा समजावलं की वर्षाचे ३,६०० होतात, एवढ्या रोखीवर ८०जी मिळेलच असं नाही, चेक द्या. त्या म्हणाल्या, "अरे मला कुठे टॅक्स भरायचाय, पावती फाड आणि पंखा लाव."